चौकातील वर्तुळ

मोठ्या शहरातील रस्त्यांवर सकाळच्या प्रहरी वाहनांची जी रीघ लागते, ती तुम्ही पाहिलीच असेल. कोणाला कचेरी गाठावयाची असते, कोणाला शाळा, कोणाला बाजार. प्रत्येकाची घाई खरी असते. रस्ता सरळ आहे तोवर ह्या घाईने फारसे काही बिघडत नाही. एकामागून एक वाहने आपापल्या वाटेने जात राहतात. परंतु जेथे दोन रस्ते एकमेकांस छेदतात, तेथे प्रश्न उभा राहतो. जागा एकच आणि तीवरून जाऊ इच्छिणारे लोक चारी दिशांचे! अशा वेळी आधी कोणी जावे?

ह्या प्रश्नाची उत्तरे माणसाने निरनिराळ्या प्रकारे शोधली आहेत. कोठे चौकाच्या मध्यभागी पोलीस उभा राहून हाताने इशारे करतो. कोठे तांबडे, पिवळे व हिरवे दिवे हेच काम करतात. तिसरे उत्तर मात्र काहीसे निराळे आहे. चौकाच्या मधोमध एक वाटोळे बेट बांधावयाचे आणि सर्व वाहनांनी त्याच्याभोवती एकाच दिशेने फिरून आपापल्या रस्त्याने बाहेर पडावयाचे. येथे पोलीस नको आणि दिवेही नकोत. अशा चौकाला आपण बोलताना 'सर्कल' म्हणतो. मुंबईत माटुंग्याचे किंग्ज सर्कल आणि दादरचे खोदादाद सर्कल ही नावे प्रसिद्धच आहेत.

वर्तुळाचा पहिला लाभ सुरक्षिततेचा. दुहेरी वाहतुकीचे दोन साधे रस्ते एकमेकांस छेदतात, तेव्हा वाहनांचे मार्ग एकंदर ३२ ठिकाणी एकमेकांशी भिडतात. त्यांपैकी १६ ठिकाणी तर ते एकमेकांना आडवे जातात. तेथे टक्कर झाली, तर ती भयंकर होते. चार रस्त्यांच्या लहानशा वर्तुळात मात्र अशी ठिकाणे अवघी ८ उरतात; ४ ठिकाणी वाहने एकमेकांत मिसळतात आणि ४ ठिकाणी वेगळी होतात. आडवे छेदणे तर मुळीच उरत नाही. शिवाय वळण घ्यावयाचे म्हणून प्रत्येकास वेग कमी करावाच लागतो. अमेरिकेत काही जुन्या चौकांची अशी वर्तुळे करण्यात आली. २००१ साली त्यांचा अभ्यास झाला, तेव्हा माणसे जखमी होण्याचे अपघात तेथे सुमारे तीन-चतुर्थांशांनी कमी झाल्याचे आढळले.

एवढे जर वर्तुळ गुणाचे, तर प्रत्येक चौकात तेच का बांधू नये? ह्याचे कारण असे, की प्रत्येक वर्तुळाची वाहने सामावण्याची एक मर्यादा असते. घागरीत मावते तितकेच पाणी तीत राहते. अधिक ओतले तर ते सांडते. वर्तुळाची ही मर्यादा किती, आणि ती कशावर अवलंबून असते, हे समजून घेण्यास इंजिनिअरांना अनेक वर्षे लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही वर्तुळे प्रथम चालू झाली. न्यूयॉर्क शहरातील कोलंबस सर्कलभोवती १९०५ साली वाहने एकाच दिशेने फिरू लागली. पॅरिस शहरात विजयकमानीभोवती बारा प्रशस्त रस्ते एकत्र येतात. तेथेही १९०७ साली हीच पद्धत सुरू झाली. त्या काळी वाहने थोडी होती. कोणी कोणास वाट द्यावी, ह्याचा काटेकोर विचार करण्याची गरज भासली नाही. कित्येक ठिकाणी तर आतल्याने थांबावे व बाहेरून येणाऱ्यास आत घ्यावे, अशी रीत पडली. पॅरिसच्या त्या विजयकमानीपाशी ती अद्याप पाळली जाते.

वाहने वाढली, तेव्हा ह्या रीतीतील दोष उघडकीस आला. कल्पना करा, चार रस्त्यांचे एक वर्तुळ आहे आणि वाहने त्याभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत आहेत. दक्षिणेच्या रस्त्याने काही वाहने जोराने आत घुसली. त्यामुळे आतून फिरत येणारी वाहने जागीच थांबली. थांबलेल्यांची रांग मागे मागे वाढत गेली, आणि पूर्वेकडे बाहेर पडण्याच्या वाटेपर्यंत पोहोचली. आता ज्यांना पूर्वेकडे जावयाचे होते, त्यांचीही वाट अडली. रांग आणखी मागे उत्तरेकडे गेली, मग पश्चिमेकडे गेली. अखेरीस सापाने आपलीच शेपटी तोंडात धरावी, तशी ती स्वतःलाच येऊन मिळाली! आता प्रत्येक जण पुढच्याने हलावे म्हणून खोळंबला आहे, आणि पुढच्याच्या पुढे पाहत गेले, तर शेवटी तो स्वतःच आहे. एवढी मोठी जागा, इतकी वाहने. पण एकही पुढे जाऊ शकत नाही.

ह्यावर प्रथम सुचलेला उपाय म्हणजे वर्तुळ मोठे करणे हा होय. ब्रिटनमध्ये वॉर्ड्रॉप नावाच्या शास्त्रज्ञाने १९५७ साली एक सूत्र मांडले. लगतच्या दोन रस्त्यांमधील वर्तुळाचा भाग किती रुंद व किती लांब आहे, ह्यावरून त्यात किती वाहने मावतील, हे त्या सूत्राने काढता येई. परंतु मोठ्या वर्तुळास मोठी जागा लागते. भरवस्तीत ती कोठून आणावयाची?

मग एक अगदी साधा विचार पुढे आला. जागा न वाढवता केवळ नियम बदलून पाहिला तर? वर्तुळात आधीपासून असलेल्या वाहनास बाहेरून येणाऱ्याने वाट द्यावी, म्हणजे आतील वाहने कधीच अडून राहणार नाहीत. ती बाहेर पडतील, आणि जागा मोकळी होत जाईल. ब्रिटनमध्ये ह्याचे प्रयोग करण्यात आले आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये हा नियम देशभर लागू झाला. वर्तुळे अडकून पडण्याचे थांबले, आणि त्याच जागेतून अधिक वाहने कमी खोळंब्याने जाऊ लागली. वर्तुळ तेच होते, रस्ते तेच होते, वाहनेही तीच होती. बदलली होती ती केवळ एक शिस्त. भारतातही वर्तुळात फिरत असलेल्या वाहनास बाहेरच्याने वाट द्यावी, असाच नियम आहे.

नियम ठरला, परंतु एखाद्या विशिष्ट चौकाला वाहनांचा ओघ पेलेल की नाही, हे कसे ओळखावयाचे? 'फार गर्दी असते बुवा!' असे म्हणून भागत नाही. गर्दी मोजावी लागते.

मोजण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. रस्त्यावरून मोटार जाते तशी सायकलही जाते, आणि बसही जाते. सर्वांना एकच मोजले, तर हिशेब चुकेल. कारण बस अधिक जागा अडवते आणि सायकल थोडी. म्हणून एक मोटार हे माप धरून बाकीची वाहने त्या मापाने मोजतात. आपल्या देशात अशी मापे ठरविण्याचे काम इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था करते. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली होती. तिच्या शिफारशींतून पुढे १९३४ साली ही संस्था उदयास आली. वर्तुळांविषयी १९७६ साली तिने जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तीत मोटार, रिक्षा ह्यांस १, मोटारसायकलीस पाऊण, सायकलीस अर्धा आणि बस किंवा मालमोटारीस २.८ असे माप दिले होते. सावकाश चालणाऱ्या बैलगाडीस तर ४ ते ६ मोटारींच्या बरोबरीचे मानले होते! सर्व रस्त्यांनी मिळून तासाला सुमारे ३,००० वाहने येईपर्यंत वर्तुळ नीट काम देते, त्यापुढे नाही, असेही तीत सांगितले होते. २०१७ साली नव्या अनुभवांच्या आधारे ही पुस्तिका सुधारण्यात आली.

आता आपण एक हिशेब करून पाहू. समजा, दक्षिणेच्या रस्त्याने पंधरा मिनिटांत ६० मोटारी, ४० मोटारसायकली, २० सायकली आणि ५ बसगाड्या वर्तुळाकडे आल्या. मोटारींचे ६०, मोटारसायकलींचे ३०, सायकलींचे १० व बसगाड्यांचे १४. एकूण ११४ मोटारी झाल्या. सबंध तासभर असाच ओघ राहिला, तर तो ११४ च्या चौपट, म्हणजे ४५६ मोटारींइतका होईल. तथापि एका पावतासावरून सबंध तास ठरविणे धोक्याचे असते. कदाचित त्याच वेळी एखादी शाळा सुटली असेल! म्हणून मोजणारे लोक तासाचे चारही भाग वेगवेगळे मोजतात, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी पुन्हा मोजतात.

दक्षिणेच्या रस्त्याने किती वाहने आली, हे कळले. पण त्यांपैकी किती आत जाऊ शकतील, हे केवळ त्या रस्त्याकडे पाहून कळणार नाही. वर्तुळाच्या तोंडाशी थांबलेला चालक आपल्या उजवीकडे पाहत असतो. समोरून जाणाऱ्या दोन वाहनांमध्ये पुरेशी फट सापडली, की तो आत शिरतो. समोरून कोणीच जात नसेल, आणि एकामागून एक वाहन आत जाण्यास ३ सेकंद लागत असतील, तर तासाच्या ३,६०० सेकंदांत १,२०० वाहने आत जातील. समोरून जाणारी वाहने जसजशी वाढतात, तसतशा फटी कमी होतात आणि आत जाणाऱ्यांची संख्याही घटत जाते.

दक्षिणेच्या तोंडासमोरून कोण जातो? पूर्वेकडून पश्चिमेला जाणारे, पूर्वेकडून उत्तरेला जाणारे आणि उत्तरेकडून पश्चिमेला जाणारे. म्हणजे कोणते वाहन कोठून आले व कोठे गेले, हे दोन्ही टिपावे लागते. समजा, सकाळी ह्या तीन ओघांत ३००, १०० व ८०, म्हणजे तासाला एकूण ४८० मोटारी आहेत. आणि असेही समजा, की समोरून दर दोन मोटारी गेल्या, की आत जाणाऱ्यांची एक संधी कमी होते. मग १,२०० मधून २४० वजा जाऊन ९६० मोटारींना आत जाता येईल. येणार आहेत ४५६. म्हणजे निम्मीही जागा भरली नाही. चिंता नाही!

आता संध्याकाळ पाहा. दक्षिणेच्या रस्त्याने तितकीच, म्हणजे ४५६ मोटारींइतकी वाहने येत आहेत. परंतु पूर्वेकडील कारखाने सुटले आहेत आणि समोरून जाणारा ओघ १,३०० वर गेला आहे. १,२०० मधून ६५० वजा करा, उरले ५५०. त्यांत ४५६ आले, म्हणजे शंभरांपैकी त्र्याऐंशी भाग जागा भरली. शंभरांपैकी पंच्याऐंशी भाग भरले, की धोक्याची खूण समजावी, असे इंजिनिअर मानतात. कारण त्यापुढे थोडी वाहने वाढली, तरी रांग झपाट्याने लांबत जाते. गंमत पाहा, दक्षिणेच्या रस्त्यावर एकही वाहन वाढलेले नाही. तरी तेथील लोकांना खोळंबून राहण्याची पाळी येऊ पाहते. आपला रस्ता शेजारच्या रस्त्याशी कसा बांधलेला असतो, हे ह्या आकड्यांवरून स्पष्ट दिसते.

असे मोजमाप केल्यामुळे उपायही नेमका सुचतो. ब्रिटनमधील किंबर ह्या संशोधकाने १९८० साली पुष्कळ वर्तुळांच्या निरीक्षणावरून दाखवून दिले, की मधले बेट केवढे आहे ह्यापेक्षा आत शिरण्याचे तोंड किती रुंद आहे, ह्याला अधिक महत्त्व आहे. तोंडाशी दोन वाहने शेजारी शेजारी उभी राहू शकली, तर एकाच फटीत दोघांचे काम होते. म्हणून बेट लहान करावे आणि तोंड रुंद करावे, हे पुष्कळदा स्वस्त व गुणकारी ठरते.

ह्या विचाराचा एक नवलाईचा नमुना इंग्लंडमधील स्विंडन ह्या गावी आहे. तेथे पाच रस्ते एकत्र येतात. एका मोठ्या वर्तुळाने त्यांची गर्दी आवरणे कठीण होते. तेव्हा फ्रँक ब्लॅकमोर ह्या इंजिनिअराने १९७२ साली पाच रस्त्यांच्या तोंडांशी पाच लहान वर्तुळे आखली. ती मधल्या बेटाभोवती कड्यासारखी मांडलेली आहेत. लहान वर्तुळांभोवती वाहने नेहमीप्रमाणे फिरतात. परंतु मधल्या बेटाच्या लगत ती उलट दिशेने फिरतात! त्यामुळे चालकास दोहोंपैकी जवळची वाट निवडता येते. आरंभी ही वर्तुळे कायमची आखली नव्हती. प्रत्येक वर्तुळापाशी एक पोलीस उभा असे. वाहने कशी वागतात हे पाहून वर्तुळे इकडेतिकडे सरकवीत, आणि मगच ती पक्की करण्यात आली. आधी पाहावे, मोजावे, मग बांधावे, हा धडा तेथे मिळतो.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. वर्तुळातील ओघ अखंड वाहतो, ह्यात वाहनवाल्यांचा लाभ आहे; पण पायी चालणाऱ्याने रस्ता कधी ओलांडावा? दिव्यांच्या चौकात तांबडा दिवा वाहनांना थांबवतो. वर्तुळात तसे कोणी थांबवीत नाही. म्हणून चांगल्या वर्तुळात रस्ता ओलांडण्याचे पट्टे तोंडापासून थोडे मागे आखतात, आणि येणाऱ्या व जाणाऱ्या वाहनांच्या मध्ये एक छोटे बेट ठेवतात. पादचाऱ्याने अर्धा रस्ता ओलांडावा, बेटावर थांबावे, दुसऱ्या बाजूला पाहावे आणि मग उरलेला अर्धा ओलांडावा. जेथे पायी चालणारे फार असतात, किंवा वाहनांचा ओघ वर्तुळाच्या शक्तीबाहेर जातो, तेथे दिवे लावणेच श्रेयस्कर. एका तासात किती मोटारी गेल्या, एवढेच मोजून भागत नाही. शाळेतून घरी जाणारी मुले आणि काठी टेकीत चालणारे आजोबा सुखरूप पलीकडे पोहोचतात की नाही, हेही त्याच वहीत टिपले पाहिजे.

चौकातील वर्तुळ म्हणजे केवळ दगडमातीचे बेट नव्हे. तेथे रोज हजारो अनोळखी माणसे एकमेकांशी न बोलता एक करार पाळीत असतात: आत असलेल्याला आधी जाऊ द्यावयाचे. हा करार पाळला जातो, तोवर लहानसे वर्तुळही मोठा ओघ पेलते. तो मोडला, की रुंदातला रुंद चौकही कोंडतो. दुसऱ्याला वाट देण्यात आपले चार क्षण जातात खरे; पण त्या चार क्षणांनीच आपलीही वाट मोकळी होत असते.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) साध्या चौकापेक्षा वर्तुळाचा चौक अधिक सुरक्षित का असतो?
(आ) वाहने मोजताना बस व सायकल ह्यांना सारखेच का मोजत नाहीत?
(इ) संध्याकाळी दक्षिणेच्या रस्त्यावरील वाहने वाढली नसतानाही तेथे खोळंबा होण्याची भीती का निर्माण झाली?

२. 'वर्तुळ तेच होते, रस्ते तेच होते, वाहनेही तीच होती. बदलली होती ती केवळ एक शिस्त.' ह्या वाक्यांचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

३. वर्तुळ कसे अडकून पडते, हे आकृती काढून सांगा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा: रीघ लागणे, वाट अडणे, उघडकीस येणे, पाळी येणे, सुखरूप पोहोचणे.

५. मोठ्या माणसांच्या सोबतीने एखाद्या चौकाजवळ सुरक्षित जागी उभे राहा. एकाच रस्त्याने पंधरा मिनिटांत येणारी वाहने प्रकारवार मोजा. पाठात दिलेल्या मापांनी त्यांचा हिशेब करा. तेवढ्याच वेळात किती लोकांनी पायी रस्ता ओलांडला आणि त्यांना किती वेळ थांबावे लागले, हेही लिहून ठेवा.